गावच्या चावडीतली पहिल्या महायुद्धाची पाटी ठेवावी का काढावी?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावची जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवीन इमारत होणारे, पावसाच्या आधी पाडापाडी सुरू होईल असं सरपंच म्हणतायत. चावडीच्या ओट्यावर भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, इंग्रजीत, की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून २७ जण गेले आणि त्यातले ३ कामी आले. बस एवढंच, नाव एकाचंही नाही. दर दिवाळीला चुना मारताना पाटीवरूनपण ब्रश फिरतो, निम्मी अक्षरं बुजलीत आणि कडेला वायर अडकवायला खिळा ठोकलाय. आता गावात दोन पार्ट्या पडल्यात. पोरं म्हणतात इंग्रजांनी लावलेली गुलामीची खूण आहे, राडारोड्यात जाऊदे, त्या जागी कारगिलच्या शहिदांचा फलक लावू. माजी सैनिक म्हणतात हात लावायचा नाही. मला वाटतं ठेवावी, पण पोरांना काय सांगू?

सोलापुरी:
मी पोरांच्या बाजूने. ते युद्ध आपलं नव्हतंच. १० लाखांच्या वर भारतीय सैनिक समुद्रापार पाठवले, ७० हजारांच्या वर मेले आणि बदल्यात १९१९ ला काय मिळालं, रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. गावोगावी पाट्या लावल्या त्या काय प्रेमापोटी लावल्या का? फोडा म्हणत नाही, वस्तुसंग्रहालयात द्या, पण ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर नको. रोज येताजाता लेकरांनी ते का वाचायचं?

माणगंगा:
दादा, तुमचा राग बरोबर आहे पण तो इंग्रज सरकारवर काढा ना, त्या तिघांवर कशाला. इंग्रजांनी लावलं म्हणून काढायचं ठरवलं तर कोरेगाव भीमाचा जयस्तंभपण त्यांनीच उभारलाय. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, आज लाखो लोक जातात, ते काय कंपनी सरकारला मानवंदना द्यायला जातात का, तिथे आपल्या माणसांची नावं कोरलेली आहेत म्हणून जातात. दिल्लीतपण २०२२ मध्ये इंडिया गेटची अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेली, पण इंग्रजांनी बांधलेल्या त्या इंडिया गेटवरची १३ हजारांवर नावं तिथेच आहेत, कुणी खरवडली नाहीत.

आणि आपली माणसं कुठे मेली ते बघा. १०३, ११० आणि ११७ मराठा या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, पाच महिने उपासमार काढली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, त्यानंतर कैदेत वाळवंटातून पायपीट करताना किती गेले. बसऱ्याला या आघाडीवर मेलेल्यांचं मोठं स्मारक बांधलं, तर तिथे गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. आपण ही पाटी राडारोड्यात टाकली तर तो आकडापण गेला, म्हणजे इंग्रजांनी अर्धवट ठेवलेलं काम आपण पुरं करायचं का? वस्तुसंग्रहालयात शेकडो दगडांत ती कोण बघणार, गावातल्या माणसांची आठवण गावातच पाहिजे. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी बघून या, पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले त्या गावचे, तिथे स्मारक कुणाला गुलामी वाटत नाही.

सोलापुरी:
नुसता आकडा कोरला हे वाचून चीड आली. मग मी म्हणतो पाटी ठेवा, पण एकटी नको. शेजारी मराठीत लिहा की ही माणसं कुणाच्या राज्यात, कुणासाठी लढायला गेली आणि सरकारने त्यांची नावंसुद्धा लिहिली नाहीत. हे न लिहिता नुसती पाटी मिरवायला माझा विरोधच राहील.

फौजीची_लेक:
सोलापुरी दादांना पूर्ण अनुमोदन, आणि नावं मिळू शकतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर शोधा, बऱ्याच भारतीय शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाने लिहिलेलं असतं त्यामुळे गावाचं नाव पाचसहा प्रकारे टाकून बघायचं. जे २४ परत आले त्यांच्या घरांत जुनी पदकं, पेन्शनचे कागद असतील, म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा.

घाटावरचा दादा, आधी ग्रामसभेत ठराव घ्या की पाटी नवीन इमारतीत बाहेरच्या भिंतीवर लागेल, आणि ते कॉन्ट्रॅक्टरला लेखी द्या, तोंडी सांगून भागत नाही, जेसीबी आला की कोण थांबतंय. पाडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पाटी पहार घालून उचकटू नका, संगमरवर तडकतो, आजूबाजूची भिंत छिन्नीने हळूहळू सोडवत ती सुटी करा आणि काढताना खालून दोघांनी धरा. ॲसिडने धुवायची नाही, अक्षरांत ऑइलपेंट भरायचा नाही, साधं पाणी आणि मऊ ब्रश बास. कारगिलचा फलक बाजूलाच लावा, जागा दोन्हीला पुरते.