एक्स्पोर्टनंतर फोटोंचा मेटाडेटा बिघडतो: तपासणी आणि दुरुस्तीसाठी सल्ला हवा

काजवा:
कामाची साखळी अशी आहे. रॉ फाइलवर एका सॉफ्टवेअरमध्ये रंगकाम, तिथून १६ बिट टिफ, त्यावर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिटचिंग आणि शेवटी जेपेग. फोटो एका संग्रहाला द्यायचे आहेत. तारीख, लेन्स, कॅप्शन आणि छायाचित्रकाराचं नाव फाइलच्या आतच (मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) हवं, अशी त्यांची अट आहे.

अडचणी अशा:
मराठी कॅप्शन एका व्ह्यूअरमध्ये नीट दिसतं, दुसऱ्यात त्याच जागी रोमन अक्षरांचा कचरा.
छायाचित्रकाराचं नाव मध्येच तुटतं आणि टोकाला चौकोन येतो.
काही उभे फोटो आडवे पडतात.
लेन्सचं नाव गायब, किंवा भलतीच लेन्स.
थोड्या फाइलींत वेळ काही तासांनी सरकलेली.

एक्स्पोर्टची सेटिंग बदलून हे सुटेल की नंतर दुरुस्त करावं लागेल? कशाने करावं?

तिपाई:
हे पाच वेगळे बिघाड आहेत, एका बटणाने जाणार नाहीत. ‘मेटाडेटा रिपेअर’ म्हणून मिळणारी साधनं आत्ता फाइलींवर चालवू नका. पुरावा पुसला जातो आणि मग मूळ कारण कळत नाही.

जेपेगमध्ये माहिती तीन कप्प्यांत असते: एक्झिफ, जुना आयपीटीसी आणि एक्सएमपी. एकच कॅप्शन तिन्हीकडे असू शकतं आणि प्रत्येक व्ह्यूअर आपल्या सोयीचा कप्पा वाचतो. तुमचं कॅप्शन एकीकडे बरं नि दुसरीकडे बिघडलेलं दिसतं ते बहुतेक त्यामुळेच. म्हणून आधी एक्झिफटूलने (आज्ञा टाइप करून मेटाडेटा वाचायचं-लिहायचं साधन) तिन्ही कप्पे शेजारीशेजारी बघा. (पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमनमध्येच.)

एक्झिफटूल -ए -जी१ -एस फाइल

‘-ए’मुळे एकाच नावाच्या नोंदी दोनदा असतील तर दोन्ही दिसतात, ‘-जी१’मुळे कोणती नोंद कुठल्या कप्प्यातली ते कळतं. हीच आज्ञा रॉ, टिफ आणि जेपेग तिघांवर चालवा, निकाल तीन टेक्स्ट फाइलींत वळवा आणि ताडून पाहा. बिघाड रॉ ते टिफ झालाय की टिफ ते जेपेग, हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

रचना तपासायला: -व्हॅलिडेट -वॉर्निंग -एरर -ए. निकालात ‘मायनर’ म्हणून येणारे इशारे पुष्कळ असतात, कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फाइलींतही निघतात. त्यांच्यामागे लागू नका.

काजवा:
केलं. टिफपर्यंत तारखा आणि कॅप्शन शाबूत. जेपेगमध्ये एक्सएमपीतलं कॅप्शन बरोबर, आयपीटीसीतलं बिघडलेलं. मेकर नोट्सचे (कॅमेरा कंपनीच्या खासगी नोंदींचे) ऑफसेट, म्हणजे आतले पत्ते, चुकीचे असण्याची शक्यता आहे, असा इशारा टिफमध्येच येतोय. आडव्या पडणाऱ्या फोटोंत ओरिएंटेशन (फोटो कसा फिरवून दाखवायचा ती नोंद) ६ किंवा ८ आहे.

शाईपेन:
कॅप्शनचं आणि नावाचं मी सांगते. देवनागरी लिहिणाऱ्यांना हा कप्पा हमखास छळतो.

आयपीटीसीत मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) आहे हे सांगणारी वेगळी नोंद असते, कोडेड कॅरॅक्टर सेट, क्रमांक १:९०. तिच्यात यूटीएफ-८ची (युनिकोड साठवायची पद्धत) खूण नसेल तर बरीच सॉफ्टवेअर मजकूर लॅटिन समजून वाचतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, म्हणून एका अक्षराच्या जागी तीन रोमन किंवा विचित्र चिन्हं दिसतात. एक्सएमपी कायम युनिकोडच असल्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

आता कचऱ्याचा प्रकार ओळखा. ही आज्ञा काही बदलत नाही, फक्त वाचते:

एक्झिफटूल -कारसेट आयपीटीसी=यूटीएफ८ -आयपीटीसी:ऑल फाइल

१. मराठी नीट दिसलं, म्हणजे बाइट शाबूत आहेत, फक्त खूण हरवलीय. ‘-कोडेडकॅरॅक्टरसेट=यूटीएफ८’ एवढंच लिहा. मजकुराला धक्का लागत नाही, खूण बसते.
२. तरीही कचराच दिसला, तर कुठल्या तरी सॉफ्टवेअरने लॅटिन समजून वाचलं आणि पुन्हा यूटीएफ-८मध्ये लिहिलं. दुहेरी एन्कोडिंग. इथे खूण लावून भागत नाही. एक्सएमपीतला मजकूर आयपीटीसीत पुन्हा लिहा.
३. प्रश्नचिन्हांची माळ दिसली, तर मूळ अक्षरं गेली. त्यातून परत काही निघत नाही.

विंडोजच्या कमांड खिडकीत जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. फाइल ठणठणीत असताना तिथे चौकोन दिसू शकतात. निकाल टेक्स्ट फाइलीत घ्या आणि यूटीएफ-८ कळणाऱ्या एडिटरमध्ये उघडा. देवनागरी मजकूर लिहितानाही थेट आज्ञेत टाइप करू नका. यूटीएफ-८मध्ये जपलेल्या टेक्स्ट फाइलीत एका ओळीवर एक पर्याय असे लिहा आणि ती फाइल ‘-@’ने द्या.

तुटक्या नावाचं कारण वेगळं. आयपीटीसीत प्रत्येक रकान्याला बाइटची मर्यादा आहे: बायलाइन ३२, कीवर्ड ६४, कॉपीराइट १२८, कॅप्शन २०००. बाइट म्हणजे अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ हे नुसतं नाव, जोडाक्षरांचे हलन्त आणि मात्रा धरून, १० चिन्हं म्हणजे ३० बाइट. एक बाइट स्पेसला. आडनावासाठी उरला एक बाइट, त्यात देवनागरीचं एकही चिन्ह मावत नाही. बेफिकीर सॉफ्टवेअर तिथेच कापतं, अर्धं चिन्ह मागे राहतं आणि तो तुमचा चौकोन. या हिशेबाने मराठी कॅप्शनला ६६६ चिन्हं मिळतात, कीवर्डला जेमतेम २१.

कच्चादुवा:
म्हणून मी म्हणतो, आयपीटीसीचा कप्पाच उडवा. -आयपीटीसी:ऑल= आणि सोबत -आयपीटीसीडायजेस्ट= दिलं की संपलं. एक्सएमपीत सगळं मावतं.

शाईपेन:
फोटो स्वतःच्या साइटवर लावायचे असते तर मीही हेच म्हटलं असतं. हे संग्रहात जाणार आहेत. जुन्या सूची प्रणाली फक्त आयपीटीसी वाचणाऱ्या असू शकतात, आधी त्यांना विचारा. त्यांना तो कप्पा हवाच असेल तर बायलाइनमध्ये रोमन किंवा आखूड नाव आणि पूर्ण देवनागरी नाव एक्सएमपीच्या क्रिएटरमध्ये. ‘-एम’ दिलं तर एक्झिफटूल मर्यादेपलीकडेही लिहितं, पण वाचणारं सॉफ्टवेअर ते कापणार नाही याची हमी नाही.

डायजेस्टबद्दल एक. ती आयपीटीसीची एमडी५ बेरीज (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) असते आणि फोटोशॉपच्या कप्प्यात बसते. मेटाडेटा वर्किंग ग्रुपची सूचना पाळणारं सॉफ्टवेअर ती जुळवून बघतं. जुळली नाही, तर आयपीटीसी बाहेरून बदललाय असं समजून एक्सएमपीऐवजी त्यालाच खरं मानतं. तुम्ही एक्सएमपी दुरुस्त करूनही जुनं कॅप्शन परत उगवतं ते यामुळे. आयपीटीसी दुरुस्त केल्यावर -आयपीटीसीडायजेस्ट=न्यू नक्की द्या.

कॅप्शनची तिसरी प्रत एक्झिफच्या इमेज डिस्क्रिप्शनमध्ये असते. तो रकाना मूळ मानकात आस्की (फक्त साधी रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हं) आहे. २०२३च्या एक्झिफ ३.० मध्ये यूटीएफ-८ प्रकार आला, पण जुन्या वाचकांना तो कळेलच असं नाही. तिथे मराठी बिघडलेली दिसली तर रकाना रिकामा करा.

तिपाई:
लेन्सकडे वळू. कॅमेरा कंपन्या आपली खासगी माहिती मेकर नोट्स नावाच्या ब्लॉकमध्ये ठेवतात, टॅग ०एक्स९२७सी. तिच्या आत ‘अमुक माहिती अमुक बाइटवर’ असे पत्ते असतात आणि बऱ्याच कंपन्या ते संपूर्ण एक्झिफच्या सुरुवातीपासून मोजतात. संपादन सॉफ्टवेअरने एक्झिफ नव्याने रचताना हा ब्लॉक जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवला की आतले पत्ते जुन्याच जागा दाखवत राहतात. मग लेन्सच्या जागी भलतेच बाइट वाचले जातात.

निकॉनच्या अलीकडच्या नोट्समध्ये स्वतंत्र टिफ हेडर असतं आणि फुजीच्या नोट्स स्वतःच्या सुरुवातीपासून मोजतात, म्हणून त्या हलवल्या तरी टिकतात. कॅननच्या ब्लॉकच्या शेवटी मूळ ऑफसेट लिहिलेला असतो, त्यामुळे त्या परत बसवता येतात. ‘-एफ’ (रोमनमध्ये मोठं अक्षर, लहान नाही) दिल्यावर एक्झिफटूल वाचताना पत्ते जुळवून घेतं, लिहिताना कायमचे दुरुस्त करतं. पण तो एक अंदाज असतो. आधी फक्त वाचून लेन्स, फोकस वगैरे पटतंय का बघा, मगच लिहा.

खरं तर जेपेगमध्ये मेकर नोट्स लागतात कशाला? लाइटरूम जेपेग काढताना त्या टाकूनच देतं आणि कुणाचं अडत नाही. लेन्सचं नाव एक्झिफच्या स्वतःच्या लेन्स मॉडेल रकान्यात (०एक्सए४३४, २०१०च्या एक्झिफ २.३ पासून) असलं की काम झालं. जुन्या कॅमेऱ्यात तो रिकामा असेल तर रॉमधून काढलेली लेन्स आयडी तिथे भरा: "-लेन्समॉडेल<लेन्सआयडी". अवतरण चिन्हं विसरलात तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ‘<’चा अर्थ वेगळाच लावेल.

काजवा:
मग रॉमधला सगळा मेटाडेटा जेपेगवर सरसकट चढवला तर? -टॅग्जफ्रॉमफाइल आणि -ऑल:ऑल?

तिपाई:
नको. मेटाडेटातल्या काही नोंदी फोटो कसा काढला ते सांगतात, काही या फाइलीतल्या पिक्सेलबद्दल बोलतात. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी रॉच्या असतात, जेपेगला त्या खोट्या ठरतात. तुमचे आडवे फोटो त्याचंच उदाहरण. सॉफ्टवेअरने पिक्सेल फिरवून उभे केले, पण ‘फिरवून दाखवा’ सांगणारा ६ किंवा ८ तसाच ठेवला, व्ह्यूअर पुन्हा फिरवतो. ओळखायचं कसं: पिक्सेलची उंची रुंदीपेक्षा जास्त आणि ओरिएंटेशन ६ किंवा ८ असेल, तर जवळजवळ नक्की दुहेरी फिरणं आहे. तिथे -एन -ओरिएंटेशन=१. गटाचं नाव दिलं नाही तर एक्सएमपीत आधीपासून असलेली प्रतही बदलते, आणि तेच हवंय. आडव्यातून उभा क्रॉप केलेले फोटो मात्र डोळ्यांनी तपासा.

चढवायचंच तर निवडून:

एक्झिफटूल -टॅग्जफ्रॉमफाइल मूळ.रॉ -एक्झिफआयएफडी:ऑल -जीपीएस:ऑल -मेक -मॉडेल --मेकरनोट्स --एक्झिफइमेजविड्थ --एक्झिफइमेजहाइट --कलरस्पेस जेपेग

दोन डॅश म्हणजे ‘हे वगळा’. ओरिएंटेशन आणि लघुचित्र यात मुळातच येत नाहीत, कारण ते वेगळ्या गटांत असतात. जीपीएसचा गट अख्खा घ्या. नुसते अक्षांश-रेखांश घेतले आणि दिशेचा रेफ टॅग राहिला तर दक्षिणेचं ठिकाण उत्तरेला जाऊ शकतं.

चढवण्याआधी तारखा -टाइम:ऑल -ए -जी१ने बघा. एक्झिफमधल्या मूळ तारखेला टाइमझोन नसतो. तो ऑफसेट टाइमच्या वेगळ्या टॅगमध्ये असतो, तेही २०१६च्या एक्झिफ २.३१ पासून. सॉफ्टवेअरने स्थानिक वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून एक्सएमपीत लिहिली की व्ह्यूअर ती ‘दुरुस्त’ करून पुढेमागे दाखवतो. एक्झिफ बरोबर आणि एक्सएमपी चूक असेल, तर एक्सएमपीतल्या तारखा काढून टाका. दोन्ही चूक असतील तर वरच्या आज्ञेने एक्झिफ रॉवरून येतंच, एक्सएमपीतल्या तेवढ्या पुसा.

कच्चादुवा:
एक्झिफची रचनाच मोडली असेल, म्हणजे व्हॅलिडेटमध्ये ‘मायनर’ नसलेले इशारे येत असतील, तर पूर्ण पुनर्रचना:

एक्झिफटूल -ऑल= -टॅग्जफ्रॉमफाइल @ -ऑल:ऑल -अनसेफ -आयसीसी_प्रोफाइल फाइल

शेवटचा पर्याय गाळू नका. ‘-ऑल=’ने आयसीसी प्रोफाइलही (रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) जातं आणि रुंद रंगावकाशातला फोटो फिका पडतो. ही आज्ञा फक्त जेपेगवर, रॉवर कधीही नाही.

काजवा:
आणि एक्स्पोर्टची सेटिंग? काही जेपेग आकाराच्या मानाने जड आहेत, तेही त्यामुळेच का?

शाईपेन:
लाइटरूम क्लासिकमध्ये ‘कॅमेरा रॉ माहिती वगळून सगळं’ हा पर्याय घ्या. ब्रश मास्कसकट संपादनाच्या नोंदी एक्सएमपीत गेल्या की ते ६४ केबीच्या पलीकडे जातं. जेपेगच्या एका सेगमेंटमध्ये त्याहून जास्त मावत नाही, मग उरलेलं एक्स्टेंडेड एक्सएमपीच्या तुकड्यांत जातं आणि सगळ्यांना ते तुकडे जोडता येत नाहीत. डार्कटेबलमध्येही एक्स्पोर्टच्या मेटाडेटा पसंतीत डेव्हलप हिस्ट्री बंद करता येते. फोटोशॉपमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज’ वापरू नका, तिथे फार तर कॉपीराइट आणि संपर्क एवढंच जातं. ‘सेव्ह अ कॉपी’ घ्या.

जडपणासाठी एक्सएमपीत डॉक्युमेंट अँसेस्टर्स शोधा. दुसऱ्या फाइलींतले लेयर आणून चिकटवत राहिलं की फोटोशॉप त्यांचे आयडी साठवतं, ही यादी कधी कधी काही एमबीपर्यंत फुगते. -एक्सएमपी-फोटोशॉप:डॉक्युमेंटअँसेस्टर्स= दिलं की जाते, बाकी कशाला धक्का नाही.

क्रॉप केलेल्या फोटोंत जुनं लघुचित्र राहिलंय का तेही बघा. तिथे कापलेला भाग अजून दिसू शकतो. -आयएफडी१:ऑल= ने काढा.

काजवा:
दुरुस्तीत पिक्सेल बदलले नाहीत हे कसं पडताळायचं? संग्रहवाले विचारतील.

तिपाई:
दुरुस्तीआधी आणि नंतर -इमेजडेटाहॅश (डेटाचा ठसा म्हणून काढलेला आकडा) मागा. तो फक्त चित्राच्या डेटावरून निघतो, मेटाडेटावरून नाही, म्हणून दोन्ही आकडे सारखेच आले पाहिजेत. हा टॅग नाव घेऊन मागितल्याशिवाय दिसत नाही आणि एक्झिफटूलच्या जुन्या आवृत्त्यांत तो नाही, तेव्हा आधी नवी आवृत्ती टाका. एक्झिफटूल मूळ फाइल ‘_ओरिजिनल’ जोडून शेजारी ठेवतं. हॅश जुळेपर्यंत -ओव्हरराइट_ओरिजिनल देऊ नका. फाइलीची बदल-तारीखही जपायची असेल तर -पी, रोमनमधलं मोठं अक्षर.