पोरगा म्हणतोय, कोल्हापुरातच बसून अ‍ॅनिमेशन करणार

मोरेवाडीकर: मुलाची बारावी झाली. इंजिनियरिंग नको म्हणतोय. अ‍ॅनिमेशन शिकायचं आणि इथंच राहून स्वतःचे लघुपट करायचे, असं डोक्यात घेतलंय. एका क्लासवाल्यानं तीन लाख फी सांगितली, वर नोकरीची शंभर टक्के हमी. माझं मत असं की पुण्या-मुंबईत स्टुडिओत चिकटणार असेल तरच पैसे घालावेत. लघुपटावर चूल पेटत नाही. कुणाला वेगळं वाटतंय का?

रंकाळ्याचा वारा: मला वाटतंय. दादा, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबुराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा बनवला आणि 1920 ला ‘सैरंध्री’ सिनेमा काढला. आता तर ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातच केलेल्या लाटव्हियाच्या ‘फ्लो’ सिनेमाला 2025 ला ऑस्कर मिळालं. मुंबईच्या खोलीभाड्यात पोरगं इथं दोन महिने घरचं जेवून काम करेल.

तांबडा पांढरा: बाबुराव पेंटर आले! कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की पाच मिनिटांत येतात. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 ला इथं निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली, हे पण सांगा की. ‘फ्लो’चा खर्च 35 लाख युरोच्या घरात होता, त्यात तीन देशांचा पैसा. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचा सिनेमा नव्हे.

रंकाळ्याचा वारा: ‘फ्लो’च्याच दिग्दर्शकानं आधी ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा एकट्यानं केला होता.

तांबडा पांढरा: साडेतीन वर्षं लागली त्याला. तेवढे दिवस मोरेवाडीकरांनी पोराच्या पाठीमागं ताट घेऊन फिरायचं काय?

चोवीस फ्रेम: मी हेच काम करतो, कोल्हापुरातच. दोघांचंही अर्धंच पटतंय.

माझा लघुपट चार मिनिटांचा. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 5760. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरनं पक्कं चित्र तयार करायला, सरासरी सहा मिनिटं धरा. मशीन 24 दिवस अखंड चालू. मधे लाईट गेली की मी पण गार. त्यातून आजवर एक रुपया आला नाही. चार ठिकाणी दाखवला, एका ठिकाणी चहा मिळाला.

घर चालतंय ते शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांवर. साच्यात लोखंड कसं उतरतं, पंप आतून कसा फिरतो, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांना थ्रीडी व्हिडिओ लागतो. हे काम मुंबईवाल्याला समजावण्यात त्यांचा दिवस जातो, मी शॉपवर जाऊन बघून येतो. महिन्यात दोन कामं आली तर बरं चालतं. पावसाळ्यात कधी एकही येत नाही, तेही सांगून ठेवतो.

आणि दादा, हमीचा कागद लेखी मागा. किती पगार, कुठलं काम, सगळं. मागच्या बॅचच्या पोरांची शोरील, म्हणजे कामाचे नमुना व्हिडिओ, बघा. सगळ्यांच्या शोरीलमध्ये तोच एक रोबोट चालत असेल तर परत या.

तांबडा पांढरा: म्हणजे पंपाची चित्रं काढायची. हे त्या पोराला सांगितलंय का कुणी?

रंकाळ्याचा वारा: पंपानं पोट भरतंय म्हणून तर चार मिनिटं स्वतःची झाली की भावा. स्टुडिओत बारा तास दुसऱ्याच्या कार्टूनचे केस हलवून रात्री स्वतःचं काय करणार?

तांबडा पांढरा: शिकणार. शिस्त, रिगिंग (पात्र हलवायला आत हाडं-सांधे बसवणं), डेडलाईन. घरी बसून कोण शिकवतंय? दोन वर्षं बाहेर काढून मग येऊ दे की परत.

चोवीस फ्रेम: हे मात्र खरं आहे. मला रिगिंग कुणी शिकवलं नाही, अजून माझ्या पात्रांचे खांदे तुटतात. पण त्याच्याही आधी एक करा. पोराला गंगावेस तालमीत बसवा. पैलवान डाव टाकताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं घेतो, ते वहीत काढू दे. मग दहा सेकंद हलवून दाखव म्हणा. कंटाळला तर तुमचे तीन लाख वाचले.

मोरेवाडीकर: सांगितलं. 240 चित्रं काढायला लागतील म्हणाला, आणि तोंड पाडलं. पण वही घेऊन गेलाय सकाळी. फी अजून भरलेली नाही.

चोवीस फ्रेम: एक चित्र दोन फ्रेम धर म्हणावं. 120 त होतंय.