शोधनिकालांचे वस्तीनिहाय गट कसे पाडावेत?

लष्करकर: ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळाने गुरुजी, डबे देणाऱ्या काकू, शिकवण्या आणि किरायाच्या खोल्या अशा सुमारे चारशे नोंदींची सूची केली असून तिचा शोध अपाचे सोलर या शोधप्रणालीवर चालतो. 'डबा' असे शोधले की मुरार, लष्कर आणि हजिरा येथील निकाल सरमिसळ येतात. वस्तीच्या रकान्यावर फॅसेट (रकान्यातील प्रत्येक मूल्याच्या किती नोंदी ते दाखवून निकाल गाळण्याची सोय) लावले, तर 'शिंदे की छावनी' या एकाच वस्तीचे 'शिंदे', 'की' आणि 'छावनी' असे तीन गट झाले. त्यापेक्षा अक्षांश-रेखांशांवरून जिओहॅशचे (नकाशाच्या प्रत्येक तुकड्याला अक्षरांचा संकेत देणाऱ्या पद्धतीचे) चौकोन पाडावेत का?

किल्ल्याखालचा: आपला रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा आहे, म्हणून त्याचे शब्द सुटे होतात. सोलरच्या कॉपीफील्ड या सोयीने तोच मजकूर, तो अखंड ठेवणाऱ्या एका 'स्ट्रिंग' रकान्यात घ्यावा, सर्व नोंदी पुन्हा चढवाव्यात आणि गट त्यावर पाडावेत. ग्रुप.लिमिट (गटात किती नोंदी दाखवायच्या ती मर्यादा) सांगितले नाही तर प्रत्येक गटात एकच नोंद दिसते, हे ठाऊक नसल्याने मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. शिवाय ग्रुपिंगच्या (निकाल गटागटाने मांडण्याच्या) रकान्यात एकच मूल्य चालते. लष्कर आणि मुरार दोन्हीकडे जाणाऱ्या गुरुजींसाठी फॅसेटच बरे.

जिओहॅश नकाशापुरता ठेवावा. सहा अक्षरांच्या संकेताचा चौकोन आपल्याकडे साधारण १.१ किलोमीटर रुंद आणि ०.६ किलोमीटर उंच पडतो, पण त्याला मधला डोंगरावरचा किल्ला दिसत नाही. उरवाई दरवाजा आणि गुजरी महाल सरळ रेषेत जवळ असले, तरी महालाच्या बाजूने पायीच चढावे लागत असल्याने डब्याची गाडी डोंगराला वळसा घालूनच जाणार.

मुरारवासी: पिनकोडच्याही मागे लागू नये. तो कोणते टपाल कार्यालय पत्र पोहोचवते एवढेच सांगतो; ४७४००१ म्हटल्यावर बाडा की दौलतगंज, हे कळत नाही. 'लष्कर/दौलतगंज' अशी दुपदरी वस्ती साठवावी, म्हणजे निकाल थोडे असताना वरचा गट पुरतो.

लष्करकर: रकाना बदलला, छावनी एकत्र आली. मात्र काही नोंदींत कोणीतरी मराठी वळणाने 'छावणी' लिहिल्यामुळे तिचा वेगळा गट उरला आहे. समानार्थी शब्दांची यादी जोडू का?

किल्ल्याखालचा: स्ट्रिंग रकान्याला ती लागूच होत नाही. मूळ नोंदी दुरुस्त कराव्यात आणि यापुढे अर्जात वस्ती टंकू न देता ठरलेल्या यादीतून निवडायला लावावी.