मदत हवी आहे: क्लॅरिसवरून टियाग्रा की १०५? घाटासाठी आणि लांबच्या बीआरएमसाठी कुठला ग्रुपसेट घेऊ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर कृपया हलवा.

मी साताऱ्याची, वय ४३. तीन वर्षं झाली रोडबाईक चालवतेय. सायकल सेकंडहँड घेतलेली, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकच्या भागांचा संच) शिमानो क्लॅरिस, आर २००० वाला, म्हणजे मागे ८ गिअर, पुढे ५०/३४ (दोन प्लेट्सचे दात) आणि मागची कॅसेट (चाकावरच्या चकत्यांचा संच) ११-२८ दातांची. ब्रेक साधे रिमचे. गेल्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची राईड) साडेतेरा तासांच्या आत संपवली, सव्वाबारा तास लागले, आणि त्या दिवसापासून डोक्यात एकच आहे की पुढच्या सीझनला २००, ३००, ४००, ६०० करून एसआर (सुपर रँडोनर, ही चारही अंतरं एकाच सीझनमध्ये) पूर्ण करायची.

अडचण आहे ती घाटाची. आमच्याकडे घराबाहेर पडलं की चढच. यवतेश्वरला आठवड्यातून दोनदा जाते, कधी पुढे कासपर्यंत, आणि महिन्यातून एकदा वाईहून पसरणी घाटाने पाचगणी. पसरणीत शेवटच्या तीनचार किलोमीटरला माझा वेग ताशी ७ वर येतो, सगळ्यात हलका गिअर आधीच लागलेला असतो, तरी बोट आपोआप लिव्हरवर जातं आणि टक टक दाबत राहतं, की अजून एक असेल, अजून एक असेल, पण नसतो. मग उभं राहून पायडल मारायचं. घरी आलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, जिना उतरताना जास्त. फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलंय, जोर कमी आणि फेरे जास्त, नाहीतर सहा महिने सायकल विसरा.

तर आता वर्षभर साठवलेले पैसे आहेत आणि समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, आहे त्याच सायकलवर नवा ग्रुपसेट बसवायचा, सोरा किंवा टियाग्रा. मेकॅनिक म्हणतो होऊन जाईल, पण काय काय बदलावं लागेल ते विचारलं की यादी दरवेळी वाढते.

दुसरा, नवीन सायकल, टियाग्रा ४७००, १० गिअर, डिस्क ब्रेक, कॅसेट ११-३४.

तिसरा, ओळखीतल्या एकांची १०५ ची सायकल, आर ७०००, ११ गिअर, रिम ब्रेक, अगदी जपून वापरलेली, दोनेक हजार किलोमीटरच चाललेली. किंमत नव्या टियाग्राएवढीच म्हणतायत. हायवेच्या सर्व्हिस रोडवर चालवून बघितली आणि खरं सांगते, उतरावंसं वाटेना. शिफ्ट इतकं हलकं की गिअर बदलला हे आवाजावरून कळत नाही, पायाला कळतं. माझ्या क्लॅरिसमध्ये पुढची चेन मोठ्या प्लेटवर चढवायला अख्खा मनगटाचा जोर लावावा लागतो, इथे एका बोटाने काम झालं.

ज्या दुकानात चौकशी केली तिथले म्हणाले, मॅडम १०५ च्या खाली घेऊच नका, बाकी सगळी खेळणी आहेत. हे ऐकून वाईट वाटलं, कारण त्याच "खेळण्या"वर मी २०० केलीय. पण असंही वाटतं की त्यांना जास्त कळत असेल. तुमच्यापैकी ज्यांनी हे ग्रुपसेट खरोखर घाटात आणि रात्रीच्या राईडला वापरलेत त्यांनी सांगा ना, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ यात जो पैशाचा फरक आहे तो पायाला जाणवतो का, आणि माझ्यासारखीने पैसे नेमके कशात घालावेत?

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी २०० बद्दल मनापासून अभिनंदन. पहिल्या २०० ला सव्वा तास हातात राखून येणं म्हणजे तुमचं नियोजन चांगलं आहे.

आता एक विचारतो, त्या १०५ च्या सायकलला पुढे किती दातांच्या प्लेट्स आहेत आणि मागे कॅसेट कुठली ते बघितलंत का? क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) आतल्या बाजूला, प्लेटवर आकडे कोरलेले असतात. हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सर्व्हिस रोडवर सगळ्याच चांगल्या सायकली चांगल्या वाटतात. तुमचा प्रश्न सर्व्हिस रोडचा नाहीये, पसरणीचा आहे.

दुकानदारांच्या बोलण्यावर नाराज होऊ नका पण ते मनावरही घेऊ नका. मी क्लॅरिस, टियाग्रा आणि १०५ तिन्ही चालवलेत. शिमानोची चढती भाजणी अशी, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०, मग १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा एस. तुम्ही म्हणताय तो आर ७००० हा २०१८ चा ११ गिअरवाला १०५. त्यानंतर २०२२ ला १०५ इलेक्ट्रॉनिक झाला, १२ गिअर, आणि २०२३ ला केबलवाला १२ पण आला, पण त्या किमती वेगळ्याच आहेत, तो विषय सोडून देऊ. १०५ ते अल्टेग्रा मुख्यतः वजन कमी होतं, काम जवळपास तेच. खरा जाणवणारा टप्पा क्लॅरिस-सोराकडून टियाग्रा-१०५ कडे जाताना येतो, आणि तोही दोन ठिकाणी, पुढचं शिफ्टिंग (तुम्ही मनगटाचं लिहिलंय तेच) आणि ब्रेक.

गिअर जास्त म्हणजे चढ सोपा, असा एक समज आहे तो मात्र काढून टाका. गिअरची संख्या वाढली की दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, एवढंच. क्लॅरिसची ११-२८ घ्या, ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८, आणि १०५ ची ११-२८ म्हणजे ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. दोन्हीकडे शेवटची चकती २८ दातांचीच. सपाटीला ग्रुपमध्ये वेगाने जाताना मधले १२, १४ फार सुखाचे असतात, पाय एका लयीत राहतात, पण घाटात तुम्ही शेवटच्या चकतीवर आहात आणि तिथे क्लॅरिसची २८ आणि ड्युरा एसची २८ सारखीच.

तुमचा ताशी ७ चा वेग धरून हिशोब केला, ७०० बाय २५ टायर, चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटर. पुढे ३४ मागे २८ असताना मिनिटाला जेमतेम ४५-४६ पायडल पडतात, हा गुडघ्याचा छळ आहे. मागे ३२ असेल तर ५२, ३४ असेल तर ५५-५६. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ६३. तुमच्या फिजिओला हे आकडे दाखवा, ते कुठला पसंत करतील ते मी वेगळं सांगायला नको.

पहिला पर्याय मात्र करू नका. ८ वरून १० ला जायचं तर दोन्ही शिफ्टर (गिअरचे लिव्हर), दोन्ही डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे भाग), कॅसेट, चेन, केबल सगळं बदलणार, आणि ११ ला गेलात तर चाकाचा प्रश्न, कारण ११ च्या रोड कॅसेटला लागणारी फ्रीहब बॉडी (चाकाचा कॅसेट बसणारा भाग) १.८५ मिलिमीटर लांब असते, तुमच्या चाकावर बहुतेक ८/९/१० वाली असेल. इतकं करून ब्रेक रिमचेच राहणार, डिस्कला फ्रेम आणि फोर्क दोन्हीला जागा लागते.

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि संध्याकाळी लगेच जाऊन बघून आले. पुढे ५२/३६ आहे आणि मागे ११-२८!! म्हणजे माझ्या आत्ताच्या सायकलपेक्षा जड. तुमच्या पद्धतीने हिशोब केला तर मिनिटाला ४३ येतात. मी ती घेऊन पसरणीत गेले असते तर काय झालं असतं. मालक बिचारे प्रामाणिक आहेत, ते म्हणाले मी तर सपाटीलाच चालवायचो.

मग तीच सायकल घेऊन पुढच्या प्लेट्स ५०/३४ करून मागे ३४ टाकली तर? आणि नव्या टियाग्राचे फोटो मागवले आहेत.

प्रतिसाद २

५०/३४ होईल, आर ७००० च्या त्याच क्रँकवर दोन्ही जोड्या बसतात. पण मागचा डिरेल्युअर आखूड केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) असेल तर त्याची मर्यादा ३० आहे, ३४ साठी लांब केजवाला, म्हणजे जीएस लागेल. प्लेट्स, कॅसेट, डिरेल्युअर, चेन. मग ते "नव्या टियाग्राएवढ्याच किमतीत" उरत नाही.

मी स्वतः दोनदा एसआर केलीय, एक बाई म्हणून एक गोष्ट सांगते जी पुरुष मंडळी सहसा सांगत नाहीत. हाताची लांबी. माझे हात लहान आहेत, रिम ब्रेकवर पावसात पाचगणीहून वाईला उतरताना बोटं लिव्हरपर्यंत पुरेपूर पोचायची नाहीत, शेवटी शेवटी तर हात इतके भरून यायचे की वाईत चहाचा कप धरता येत नव्हता. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्कवर गेले तेव्हा एका बोटात सायकल थांबते म्हणजे काय ते कळलं. लहान हातांसाठी शिमानोचे वेगळे हायड्रॉलिक लिव्हर आहेत, टियाग्रात ४७२५ आणि १०५ मध्ये ७०२५, ते हुडजवळून (लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवरून) पकडायला बरेच सोपे पडतात. नवीन घेताना हे नक्की विचार. नसतील तरी लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, तो दुकानातच फिरवून घे, घरी येऊन बघू म्हणू नकोस. तुझ्या आत्ताच्या क्लॅरिसलाही हा स्क्रू आहे का ते बघून घे.

रात्री ३०० करताना ९० व्या किलोमीटरला जो गिअर लागतो तोच २९० ला लागला पाहिजे, तो कुठल्या कंपनीचा आहे हे त्या वेळी आठवतही नाही.

प्रतिसाद ३

टियाग्रा सायकलचा फोटो आला की स्टिकरवर जाऊ नका, एकेक पार्ट बघा. "टियाग्रा सायकल" म्हणून विकतात आणि शिफ्टर-डिरेल्युअर तेवढे टियाग्रा, क्रँक, ब्रेक, कॅसेट दुसऱ्याच कुणाचे. त्यात क्रँक आणि कॅसेट वेगळी असली तर फार बिघडत नाही, ब्रेकमध्ये मात्र तडजोड नको.

अजून एक, घाईने लिहितोय. केबल! गिअरची केबल शिफ्टरच्या आत वळते तिथे झिजते, वरून दिसत नाही. माझी ३०० च्या राईडला रात्री दोन वाजता तुटली, मागे ११ वर अडकलो, हातात फक्त पुढच्या दोन प्लेट्स. १८ महिने बदललीच नव्हती. ६० किलोमीटर तसाच आलो, चढाला उतरून ढकलत. आता दर सीझनच्या आधी दोन्ही केबल बदलतो आणि एक जादा सॅडलबॅगेत. ग्रुपसेट कुठलाही घ्या, हे करा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, नवीन सायकलचा निर्णय होईपर्यंत गुडघ्याचं काय? क्लॅरिसच्या मागच्या डिरेल्युअरवर, आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो. जीएस असेल तर ३४ पर्यंत चालतं. तरी ८ गिअरची ११-३४ घेऊ नका, तिच्यात शेवटची उडी २६ वरून थेट ३४ आहे, घाटात ती उडी पायाला झटका देते. ११-३२ घ्या, २१-२४-२८-३२ असं नीट चढत जातं. चेन नवीन आणि मापाने थोडी लांब लागेल, जुनीच ठेवलीत तर मोठी प्लेट आणि मोठी चकती एकत्र लागली की सगळं ताणलं जाईल. ८ ची कॅसेट आणि चेन स्वस्त असतात, ११ च्या तुलनेत तर खूपच, आणि चेन टिकतेही जास्त.

धागाकर्ती

मंडळी, बारा दिवसांनी लिहितेय, राईड करूनच लिहायचं ठरवलं होतं.

डिरेल्युअर जीएस निघाला. ११-३२ कॅसेट, नवीन चेन, चारही केबल बदलल्या, गिअरच्या दोन आणि ब्रेकच्या दोन. जुनी मागची केबल मेकॅनिकने ओढून काढली तर शिफ्टरच्या टोकाला बहुतेक तारा तुटून झाडूसारख्या पसरल्या होत्या, दोनतीनच शाबूत. ती घरी आणून टेबलावर ठेवलीय. प्रतिसाद ३ वाल्या दादांचे मनापासून आभार. पुढचं शिफ्टिंगही नव्या केबलने बरंच हलकं झालं, १०५ सारखं नाही, पण मनगट दुखत नाही. आणि ताई, लिव्हरचा स्क्रू होता, तीन वर्षं मला माहीतच नव्हतं.

रविवारी पसरणी केली. शेवटच्या तीन किलोमीटरला वेग ७ च होता, तो काही वाढला नाही, पण सबंध घाटात फक्त एकदा उभी राहिले आणि तेही पाठ मोकळी करायला. सोमवारी जिना उतरताना वाटीखाली दुखलं नाही. मंगळवारीही नाही.

टियाग्राचे फोटो आले, ब्रेक केबलवाले डिस्क आहेत आणि क्रँक दुसऱ्याच कंपनीची, तेव्हा ती सोडली. १०५ च्या मालकांना नम्रपणे नाही म्हणाले. पैसे तसेच बँकेत आहेत, टियाग्रा हायड्रॉलिक, लहान लिव्हर आणि ११-३४ असं तिन्ही असलेली सायकल मिळेपर्यंत तिथेच राहतील. कुणाला पुण्या-कोल्हापुरात माझ्या मापाची दिसली तर इथे नक्की कळवा, उंची १५६ सेंटीमीटर. तोवर ३०० ला याच सायकलवर नाव भरलंय.

एक शंका राहिली, प्रतिसाद १ मध्ये पुढे ३० ची प्लेट लिहिलीय, ती कुठल्या क्रँकला येते?

प्रतिसाद १ (पुन्हा)

जीआरएक्सला, शिमानोचा ग्रॅव्हलचा (कच्च्या रस्त्यांसाठीचा) ग्रुपसेट, त्यात ४६/३० क्रँक येते. पण तिची चेनलाईन, म्हणजे चेन चालते ती रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असते, पुढचा डिरेल्युअरही जीआरएक्सचाच लावावा लागतो, म्हणून आत्ताच्या सायकलवर तो खटाटोप नको. नवीन बघताना जीआरएक्स ४०० पण यादीत धरा, १० गिअर आहे आणि टियाग्राच्या बरोबरीचा आहे, ब्रेक हायड्रॉलिक. ३०० कुठून कुठे आहे तुमची? खंबाटकी असेल तर मीही नाव भरतो.