स्मृतीचे ३.४० कोटी आणि थेट फायनल

महिला प्रीमियर लीगमध्ये (महिलांची आयपीएल) स्मृती मानधना या एका खेळाडूवर ३.४० कोटी म्हणजे पैशांची उधळपट्टी, असं लोक म्हणतात; हे मला अजिबात पटत नाही. २०२३च्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२ कोटीच होते आणि बंगळुरूच्या संघाने त्यातला पावहून जास्त हिस्सा स्मृतीवर लावला, हे खरं. पहिल्या वर्षी ८ पैकी २ सामने जिंकले, तेव्हा स्मृतीच्या सांगलीतही कट्ट्यावर लोक हेच बोलत होते. मी तेव्हाही भांडलो होतो. कर्णधार आणि सलामीवीर एकाच माणसात मिळत असेल तर ती किंमत जास्त नाही. २०२४ला कप आलाच की!

प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या सामन्यांत, टेबलात पहिला संघ थेट फायनलला जातो आणि दुसरा-तिसरा आधी एलिमिनेटर खेळतात. या मुद्द्यावर मात्र मी नियमाच्या विरोधकांच्या बाजूने आहे: थेट फायनलने पहिल्या संघाचंच नुकसान होतं. बंगळुरू २०२४ला तिसरी होती, ४ विजय, ४ पराभव. एलिमिनेटरमध्ये मुंबईला ५ धावांनी हरवलं आणि फायनलला दिल्लीला. दिल्ली २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं टेबलात पहिली, तिन्ही वेळा थेट फायनलला आणि तिन्ही वेळा हरली. २०२५ला तर त्यांचा शेवटचा साखळी सामना १ मार्चला झाला आणि फायनल १५ला. दोन आठवडे नुसती नेट प्रॅक्टिस! माधवनगरच्या मैदानावर टेनिस बॉल खेळणारं पोरगंही सांगेल, लय तुटते. पुरुषांच्या आयपीएलमध्ये २०११पासून पहिल्या दोघांना प्लेऑफचा पहिला सामना हरल्यावर आणखी एक संधी मिळते. पाच संघांत तेवढे सामने बसत नसतील, पण कुठल्याच संघाचा शेवटचा साखळी सामना फायनलच्या दोन आठवडे आधी येणार नाही, असं वेळापत्रक लावणं तर जमेल ना?