मदत हवी आहे : थंडी सोसणारा पाम कोणता लावावा?

परसातला_माड :
नमस्कार. तीन हिवाळ्यांत माझे दोन पाम गेले, आणि दोन्ही वेळा 'हा थंडीत टिकतो' असे नर्सरीवाल्याने छातीठोकपणे सांगितले होते. कुंपणालगतची जागा ओकीबोकी दिसते आणि जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत. त्याआधी तिथे माडासारखे दिसणारे काहीतरी उभे करायचे आहे. कृपया फक्त नाव सांगावे.

बागुलबुवा :
आपण राहता कुठे, पारा किती उतरतो, माती कशी आहे, गेलेले पाम कोणते होते आणि ते कुंडीत होते की जमिनीत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. थंडी डेहराडूनलाही पडते आणि ऑस्लोलाही.

हिमगौरी :
इतक्या चौकशीची गरज नाही. नीडल पाम लावा. तो उणे वीस अंशांपर्यंत तग धरतो आणि त्याच्याइतका काटक पाम दुसरा नाही.

पुण्याची_सावली :
आमच्या कोथरूडच्या गॅलरीतल्या अरेका पामची पाने पिवळी पडत होती. महिन्यातून एकदा चमचाभर एप्सम मीठ पाण्यातून दिल्यापासून तो उत्तम आहे.

परसातला_माड :
अरेकाबद्दल मी विचारलेले नाही. इंग्लंडमधल्या लीड्सला राहतो, हे लिहायचे राहिले. पारा उणे सात-आठपर्यंत उतरतो आणि माती चिकण आहे. पहिला कॉर्डिलाइन होता, दुसरा कॅनरी बेटांवरचा खजुराच्या जातीचा, मोठ्या निळ्या कुंडीत. आता तरी नाव सांगाल का?

बागुलबुवा :
कॉर्डिलाइन हा मुळात पामच नव्हे. तो न्यूझीलंडचा असून 2010 च्या डिसेंबरमधील कडाक्यात ब्रिटनभर असे पुष्कळ कॉर्डिलाइन गेले. मात्र त्याचा बुंधा उपटला नसेल तर बुडातून पुन्हा फुटवा येण्याची आशा असते. कॅनरीचा खजूर उणे सहा-सातच्या पुढे अवघडतो, आणि कुंडीत तर मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो. आपल्याकडे ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय, म्हणजे चुसान पाम लावावा. वनस्पती गोळा करणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी 1849 मध्ये चीनहून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी पाठवला तो हाच. जमिनीत रुजलेले झाड उणे दहा-बारा अंश सहज सोसते, आणि खोडावर काथ्यासारखे केस असल्याने लांबून थोडासा माडाचा भासही होतो. जागा वाऱ्याची असेल तर याचाच आखूड, ताठ पानांचा वॅग्नेरिआनस हा प्रकार बरा.

हिमगौरी :
नीडल पाम यापेक्षाही अधिक थंडी सोसतो, हे आपण टाळले.

बागुलबुवा :
टाळले नाही. त्याला वाढीसाठी कडक उन्हाळा लागतो. लीड्सच्या वीस अंशांच्या जुलैत तो जगेल, पण वाढणार नाही. शिवाय ते खोड नसल्यासारखे झुडूप आहे, माड नव्हे.

घाटवाट :
कुमाऊंत पिथोरागढजवळच्या डोंगरांत ट्रॅकीकार्पस टाकिल हा आपला भारतीय पाम उगवतो. परदेशी झाडांचे एवढे कौतुक कशासाठी?

बागुलबुवा :
तो उत्तमच आहे, पण टाकिल या नावाने विकली जाणारी बरीच रोपे प्रत्यक्षात फॉर्च्युनायचीच निघतात. मूळ प्रश्नाकडे वळू. पामचा वाढीचा कोंब एकच असतो, आणि थंडीपेक्षा त्या कोंबात साचलेले गार पाणीच त्याला अधिक मारते. चिकणमातीत खड्डा करून वाळू भरली तर त्याचे डबकेच होते, म्हणून वीतभर उंचवटा करून मे महिन्यात रोप लावावे. पहिली दोन-तीन वर्षे कडाक्याच्या रात्री पाने वर बांधून गोणपाट गुंडाळावे आणि थंडी ओसरताच सोडावे. कुंडीतल्या पामचा मधला कोंब ओढून पाहिलात का?

परसातला_माड :
आत्ताच पाहिला. तो अलगद हातात आला, बुडाशी तपकिरी, लिबलिबीत आणि कुजका वास असलेला. कुंडी आडवी केली तर तळाच्या भोकाला प्लास्टिकचे बूच तसेच होते. तीन वर्षांत मी ते काढलेच नव्हते. नर्सरीवाल्यावरचा राग निम्मा मागे घेतो. चुसान किती उंचीचा आणू?