हिमाचलच्या डागी सफरचंदाला १२ रुपये, मग आपल्या चुरी संत्र्याला काऊन नाही?

बगीचेवाला, वरुड तालुका:

यंदा आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी निघणारा संत्रा तुटला तेव्हा बेपाऱ्यानं मोठं फळ क्रेटमध्ये भरून नेलं आणि चुरी, म्हणजे बारीक राहिलेलं फळ, बांधावरच सोडली. चार दिवस वाट पाहिली, कोणी घेते का म्हणून. पाचव्या दिवशी ट्रॉलीत भरून नाल्याकाठच्या खड्ड्यात ओतली. त्याच संध्याकाळी पोरगा किराण्यातून सफरचंदाच्या रसाचा १० रुपयेवाला टेट्रा पॅक घेऊन आला. हात धुऊन मी त्याची मागची बाजू वाचली. आधी पाणी, मग साखर, मग सफरचंदाचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे, म्हणजे फळाचा नंबर तिसरा. तरी ते पाकीट हजार मैलांवरच्या फळाचं नाव घेऊन माझ्या गावात पोचलं, आणि माझा संत्रा गावातल्याच खड्ड्यात गेला.

हिमाचलात गारपिटीनं डागलेलं, बारीक राहिलेलं सफरचंद राज्य सरकार बाजार हस्तक्षेप योजनेत १२ रुपये किलोनं उचलते. त्यातलं बरंच एचपीएमसी या सरकारी महामंडळाच्या कारखान्यात, परवाणूला वगैरे, आटवलं जाते. आटवलेला रस ७० ब्रिक्सचा, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम विरघळलेला ऐवज, मुख्यतः साखर. तो पिंपात महिनोन्‌महिने टिकते. पाणी घालून साडेअकरा ब्रिक्सवर आणला की एकाचे सहा होतात. १२ रुपयांत तिथला बागायतदार श्रीमंत होत नाही. पण खालचं फळ मंडीतून बाजूला होते, म्हणून वरच्या फळाचा भाव टिकते. आमच्याकडे बेपारी चुरी दाखवूनच चांगल्या मालाचा भाव पाडते.

मी दोन गोष्टी मागतो. चुरीला खालचा हमीभाव द्या. आणि फळांच्या पेयात किमान १० टक्के रस हा जो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, तो २० वर न्या.

प्रयोगशाळावाला, अमरावती:

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण संत्र्याला सफरचंदाच्या तागडीत बसवू नका. सफरचंद कुटलं, दाबलं, गरम केलं, चव तशीच राहते. नागपुरी संत्र्यात गडबड लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याची आहे. अख्ख्या फळात ते नसतं, त्याचं कडू न लागणारं पूर्वरूप असतं. रस काढला की रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि गरम केलं की झपाट्यानं. सकाळी काढलेला रस संध्याकाळी कडू लागतो तो यामुळे. बिया आणि पांढऱ्या सालीत हे जास्त. त्यात आपलं साल सैल. जगातला बहुतेक संत्रा रस व्हॅलेन्सिया, पेरा अशा घट्ट सालीच्या वाणांचा आहे आणि यंत्रंही त्यांच्याच मापाची. कडवटपणा काढायच्या रेझिनच्या गाळण्या आहेत, पण खर्च वाढतो.

आणखी एक. चार दिवस बांधावर पडलेली चुरी रसाच्या कामाची नाही. सफरचंदात सडक्या फळातून पॅट्युलिन नावाचं बुरशीचं विष रसात उतरतं, म्हणून किलोला ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. हमीभाव दिला आणि उचल वेळेवर नाही केली, तर सरकार कुजका माल विकत घेईल.

बचत गटवाली ताई, मोर्शी:

भाऊ, कडूपणाचं तुमचं बरोबर आहे, पण ‘आपल्या संत्र्याचा रस होत नाही’ असं कोणी ऐकून घेऊ नये. आम्ही आठ बाया दोन हंगाम रस काढला. फोड सोलायची, वरचं पांढरं कातडं काढायचं, बी वेगळी करायची, मग हातानं हलकं दाबायचं. दाबताना राहिलेली एक बी जरी फुटली तरी तो घाणा वेगळा ठेवायचो. असा रस फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीही गोड राहायचा. बोटांना सालीचं तेल लागून आठ-आठ दिवस आग व्हायची. उलाढाल १२ लाखांच्या आत म्हणून वर्षाला १०० रुपयांची नोंदणी पुरली, नियमानं आम्हाला अडवलं नाही.

अडवलं ते बाजूला ठेवलेल्या पाकिटानं. आमची बाटली ३० रुपयांची, ते १० चं. गिऱ्हाईक विचारायचं, ‘काऊन वं बाई, तुमचं इतकं महाग?’ दोघांवरही ‘रस’ लिहिलेलं. त्याच्यात पाणी किती हे समोर मोठ्या अक्षरात असतं, तर मले समजावून सांगायची पाळी आली नसती.

आडत्या, काटोल:

बगीचेवाले भाऊ, २० टक्क्यांची मागणी तुमच्यावरच उलटेल. नियम पेयात रस किती ते सांगतो, कोणाच्या बगीच्याचा ते सांगत नाही. प्रमाण दुप्पट केलं की कंपनी संत्र्याचं कॉन्सन्ट्रेट ब्राझीलहून आणेल. एकसारखी चव, एकसारखा रंग, बारा महिने पुरवठा. आपण आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर देतो, मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चला. मधल्या काळात कारखाना काय करेल?

माझ्या मते आपलं दुखणं रस नाहीच. आपला संत्रा खायचा आहे, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश होता. तिथलं आयात शुल्क चढत चढत २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांपर्यंत गेलं आणि तो माल देशातच साचला. चुरी आधीही होती, पण तेव्हा बांधावर राहत नव्हती. ताकद लावायची तर तिथं लावा.

शाळामास्तर, चांदूर बाजार:

ताईंच्या लेबलच्या मुद्द्यावर: जून २०२४ मध्ये एफएसएसएआयनं कॉन्सन्ट्रेटपासून केलेल्या रसावरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितलं. किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर ‘गोड केलेला रस’ असं लिहावं लागतं. नियम आहेत. पण माझ्या वर्गातलं पोरगं पाकिटावरचं चित्र पाहते.

बगीचेवाला, वरुड तालुका:

आडत्ये भाऊ, ब्राझीलचं तुमचं म्हणणं मी मानतो, २० टक्क्यांच्या मागणीला ‘देशातलं फळ’ ही अट जोडली नाही तर ती उपयोगाची नाही. पण करात फरक करता येते ना? सप्टेंबर २०२५ पासून रसावर जीएसटी १२ चा ५ झाला, आणि साखरपाण्याच्या फळपेयावरही ५ च. ताईंची बाटली आणि ते पाकीट एकाच रांगेत. पाकिटाले १२ च राहू द्यायचा होता.

तरुण शेतकरी, नरखेड:

काका, सोडा घातलेल्या फळपेयाचं पाहा, त्यावर ४० टक्के. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी कोलावाल्यांना ५ टक्के फळांचा रस घाला म्हटलं होतं. घालून फायदा काय? आधी २८ अधिक १२ उपकर होता, आता सरळ ४०. रस घातला काय, न घातला काय, कर कोलाएवढाच.

आणि कारखान्याचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात पतंजलीचा सुरू झाला, दिवसाला ८०० टन फळाची क्षमता सांगितली. सरकारी खरेदीची वाट काऊन पाहता? हिमाचलातही खरेदीचे पैसे उशिरा मिळतात, ही तिथल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे.

बगीचेवाला, वरुड तालुका:

उशिरा का होईना, १२ रुपये हा आकडा तिथल्या माणसाले तोडणीच्या आधी माहीत असते. कारखाना एकच असला की भाव त्याचा. मले कारखान्याशी वैर नाही, आकडा आधी पाहिजे.

बचत गटवाली ताई, मोर्शी:

मग मृगाच्या आधी एक करून पाहू. तुमच्या शिवारात चुरी किती निघते? पाच-सहा बगीचे मिळून एक ट्रक एका दिवसात भरत असेल, तर तोडणीच्याच दिवशी माल निघेल, कुजायचं भ्या नाही. कारखान्याकडून भाव आधी घ्या, तोही फोनवर नाही, कागदावर.

बगीचेवाला, वरुड तालुका:

सहा जण आहोत. मोठ्या मालासोबत चुरीही त्याच दिवशी क्रेटमध्ये भरली तर ट्रक होते. क्रेट मात्र आमच्याजवळ नाहीत, ते बेपाऱ्याचे असतात. आडत्ये भाऊ, भाड्यानं मिळतील का?

आडत्या, काटोल:

मिळतील. किती लागतील ते जानेवारीत सांगा.